इंडिकेटर दिला होता

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी बसून तो टेम्पोवाला एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "काका, आईशप्पथ, इंडिकेटर दिला होता." आणि तो खरं बोलत होता. भाजी मंडईच्या बाहेर रस्त्याच्या डाव्या कडेला त्याचा टेम्पो उभा होता. मी स्कूटरवर, वेग ताशी ४० च्या आसपास. त्याचा उजवा पिवळा दिवा एकदा लुकलुकलेला मला आजही आठवतो. दुसऱ्यांदा लुकलुकायच्या आत टेम्पोचं तोंड माझ्या पुढ्यात होतं. कॉलर बोन मोडलं आणि दीड महिना हात गळ्यात बांधून घरी बसलो.

त्या दीड महिन्यात मी हिशेब करून पाहिला. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. दिवा लागला तेव्हा मी त्याच्यापासून बारा-पंधरा मीटरवर असेन. समोर काहीतरी घडतंय हे डोळ्याला दिसणं, मेंदूला कळणं आणि बोटं ब्रेकवर आवळली जाणं, एवढ्यात सावध माणसाचाही एक ते दीड सेकंद जातो. म्हणजे माझा ब्रेक लागायला सुरुवात होईपर्यंत मी टेम्पोपाशी पोचलेलोच होतो. तो दिवा माझ्या काहीच उपयोगाचा नव्हता. टेम्पोवाला मात्र मनापासून समजत होता की इंडिकेटर दिला म्हणजे आपलं काम झालं, आता मागच्याने बघून घ्यावं.

हा समज त्याच्या एकट्याचा नाही. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्या बहुतेकांचा तो आहे, आणि मला वाटतं, गाडी हलवणं, लेन बदलणं आणि वळणं या तिन्ही कामांतल्या निम्म्याअधिक चुका या एका समजातून होतात. जो आपल्या वाटेने सरळ चालला आहे त्याला धक्का लागता कामा नये. जो कडेवरून रस्त्यावर येतो, एका लेनमधून दुसरीत शिरतो किंवा एक रस्ता सोडून दुसरा धरतो, त्याने पाहायचं, विचारायचं आणि वाट मिळेपर्यंत थांबायचं. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याखाली १९८९ साली रस्त्याचे नियम आले आणि त्यांच्या जागी जून २०१७ मध्ये नवी नियमावली आली. भाषा बदलली, कलमं वाढली, पण जागा बदलणाऱ्यावर जबाबदारी टाकणारं हे सूत्र तेच राहिलं. इंडिकेटर ही त्या सूत्रातली विचारणा आहे. "येऊ का?" एवढंच तो म्हणतो. "या" म्हणायचं की नाही हे मागून येणाऱ्याच्या वेगावर आणि अंतरावर ठरतं, आणि ते पाहायचं काम विचारणाऱ्याचं असतं.

लायसन्सच्या परीक्षेत नेमकं काय तपासायचं हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १५ व्या नियमात लिहिलेलं आहे. प्रत्येक शिकाऊ चालकाने तो एकदा तरी वाचावा असा आहे. त्यातल्या एका कलमात वळण घेताना आरशाचा नीट वापर करायचा आणि तो इंडिकेटर देण्याच्या आधी करायचा, असा क्रम स्पष्ट सांगितलाय. आधी आरसा, मग खूण. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आपण शिकतो ते क्लच, गिअर आणि आठचा आकडा. क्रम शिकवणारा गुरू भेटला तर नशीब.

हा क्रम उलटा का करायचा नाही? कारण इंडिकेटर लागला की आजूबाजूचे लोक काहीतरी करायला लागतात. कुणी वेग कमी करतो, कुणी तुम्ही निघायच्या आत सटकून जावं म्हणून वेग वाढवतो. मागे काय आहे ते न बघता दिवा लावलात तर जे घडेल त्याची तुम्हाला कल्पनाच नसते.

आता गाडी कडेवरून काढायची रीत. बसायच्या आधी गाडीभोवती एक चक्कर मारावी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तर नक्कीच, कारण टायरपाशी सावलीला झोपलेलं कुत्रं आणि बंपरच्या खाली वाकून चेंडू शोधणारं पोर, दोन्ही सीटवरून दिसत नाहीत. मग आरसे. आतला आरसा, उजवा आरसा, मग इंडिकेटर, आणि त्यानंतर मान वळवून उजव्या खांद्यावरून मागे एक नजर. ही शेवटची नजर सगळ्यात महत्त्वाची आणि तीच सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. आरशात दिसतो तो रस्त्याचा एक तुकडा. तुमच्या मागच्या दाराच्या शेजारी आलेली मोटरसायकल त्या तुकड्याच्या बाहेर पडलेली असते आणि समोर बघणाऱ्या तुमच्या डोळ्याच्या कोपऱ्यातही अजून आलेली नसते. ती जिथे लपते त्या जागेला ब्लाइंड स्पॉट म्हणतात. मान फिरवल्याशिवाय तो दिसत नाही, आरसे कितीही महागडे असोत.

मोकळी जागा किती हवी, हेही ठरवता येतं. उभी गाडी रस्त्यावरच्या गाड्यांच्या वेगाला यायला चार-पाच सेकंद घेते. मागून ताशी ५० ने गाडी येत असेल तर ती सेकंदाला १४ मीटर येते, म्हणजे पाच सेकंदांत ७० मीटर. विजेच्या खांबांवरून अंदाज बांधा: शहरात दोन खांबांत साधारण पंचवीस-तीस मीटर असतात. येणारी गाडी तीन खांबांच्या आत असेल तर तिला जाऊ द्या.

या बाबतीत मला एसटीची जुनी पद्धत फार आवडते. गाडी थांब्यावरून हलते ती कंडक्टरच्या डबल बेलवर. एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चल. दाराशी डाव्या बाजूला कोण चढतंय, कुणाचा पाय अजून पायरीवर आहे, हे ड्रायव्हरला दिसत नाही. ते कंडक्टर बघतो आणि दोरी ओढतो. ड्रायव्हर उजवी बाजू बघतो. दोघांची नजर मिळून गाडीची चारही अंगं पूर्ण होतात. तीच गोष्ट ट्रकच्या क्लीनरची. डाव्या खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत, पत्र्यावर थाप मारत "येऊ दे, येऊ दे… बस्स!" म्हणणारा तो पोरगा म्हणजे ट्रकचा डावा डोळा होता. हल्ली अनेक ट्रकांवर क्लीनर नसतो. ट्रकच्या डाव्या बाजूने चालताना हे लक्षात ठेवावं.

चढावर गाडी काढणं ही नवशिक्यांची जुनी भीती. पुलाच्या चढावर सिग्नल लागला, मागे दुचाकी अगदी बंपरला चिकटून उभी, आणि ब्रेक सोडला की गाडी मागे सरकणार. त्याच १५ व्या नियमात चढावर थांबून गाडी जराही मागे न जाऊ देता पुन्हा काढणं, हीसुद्धा परीक्षा आहे. हँडब्रेक ओढलेला ठेवा, क्लच हळूहळू सोडा, इंजिनाचा आवाज जड झाला आणि बॉनेट किंचित उचललं गेलं की गाडीने दम धरला असं समजा आणि मग हँडब्रेक खाली करा. घाटात अरुंद रस्त्यावर समोरासमोर गाड्या आल्या तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियमही याच कारणाने आला आहे. चढावर थांबलेल्याला पुन्हा निघणं कठीण असतं.

लेनकडे वळू. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे हा आपल्याकडचा लेन शिकवणारा पहिला मोठा वर्ग. ९४.५ किलोमीटर, जाण्या-येण्याच्या तीन-तीन लेन, २००२ साली पूर्ण खुला झाला. डावी लेन अवजड आणि सावकाश गाड्यांची, मधली नेहमी चालायची, उजवी फक्त ओव्हरटेक करण्यापुरती. हे तिथे फलकांवर लिहिलेलं आहे. तरी उजव्या लेनमध्ये ठाण मांडून बसणाऱ्यांची संख्या इतकी की बाकीच्यांना डावीकडून पुढे जावं लागतं, आणि मग कोण कुठून येईल याचा भरवसा राहत नाही. उजव्या लेनमधल्या माणसाचा युक्तिवाद ठरलेला: "मी ताशी १०० ने चाललोय, यापेक्षा जास्त वेग चालतच नाही, मग मी का सरकू?" कारण ती लेन वेग मोजण्यासाठी दिलेली नाही. ती पुढे जाऊन परत यायची जागा आहे. परतायची जागा अडली की ओव्हरटेक डावीकडून होतो, आणि डावीकडे तुमचा आरसा कमकुवत असतो.

कमकुवत का, तेही समजून घेण्यासारखं आहे. गाडीच्या आतला आरसा सपाट असतो. त्यात मागची गाडी जेवढी लांब आहे तेवढीच लांब दिसते. बाहेरचा डावा आरसा फुगीर असतो, जास्त रुंद भाग दिसावा म्हणून. फुगीर आरशात वस्तू लहान दिसतात आणि लहान दिसलेली वस्तू मेंदू लांबची समजतो. म्हणून डाव्या आरशात लांब वाटलेली गाडी प्रत्यक्षात बरीच जवळ असते. डावीकडे जाताना दोन्ही आरसे ताडून बघा. ओव्हरटेक करून परत येताना तर एक सोपी खूण आहे: मागे टाकलेल्या गाडीचा पूर्ण चेहरा, दोन्ही हेडलाइटांसकट, आतल्या आरशात दिसला की मगच डावीकडे या. अर्धाच चेहरा दिसत असेल तर तुम्ही त्याला कट मारणार आहात.

ताशी १०० वर गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. एक लेन बदलायला तीन-चार सेकंद लागतात, म्हणजे शंभर मीटरभर रस्ता तुम्ही धड या लेनमध्ये नाही आणि धड त्याही लेनमध्ये नाही. एवढ्या काळात तुम्ही दोन लेन अडवता. म्हणून एका वेळी एकच लेन बदलायची, तिथे स्थिर व्हायचं, पुन्हा आरसा, पुन्हा इंडिकेटर, मग पुढची. लोणावळ्याची एक्झिट दिसली म्हणून उजव्या लेनमधून तिरपं डावीकडे सुटणारी गाडी मी प्रत्येक फेरीत बघतो. एक्झिट चुकली तर चुकू द्या. पुढच्या एक्झिटला उतरून परत यायला वेळ आणि पेट्रोल जाईल, तेवढंच. तिथे थांबून रिव्हर्स घेणं म्हणजे ताशी शंभरच्या प्रवाहात उलटं पोहणं आहे.

रस्त्यावरच्या रेघाही बोलतात. तुटक पांढरी रेघ सांगते की मोकळं असेल तर ओलांड. अखंड रेघ सांगते की इथे ओलांडू नकोस. चौकाच्या अलीकडे रेघ तुटकची अखंड होते ती याच हेतूने. कुठल्या लेनमधून वळायचं हे तिच्या आधीच ठरवून घ्यायचं असतं. सिग्नलला पोचल्यावर डाव्या टोकाला उभं राहून उजवीकडे वळणारा रिक्षावाला ती रेघ कधीच वाचत नाही, आणि त्याच्या पाठीमागे सरळ जाणारे पन्नास जण खोळंबतात.

आता इंडिकेटरच्या भाषेकडे पुन्हा यायला हवं, कारण त्या दिव्याचा अर्थच आपण गढूळ करून टाकला आहे. रात्री दुपदरी हायवेवर तुम्ही ट्रकच्या मागे आहात. ट्रक उजवा इंडिकेटर देतो. याचा अर्थ काय? नियमाने अर्थ एकच: मी उजवीकडे येतोय. पण ट्रकवाल्यांच्या रूढीत त्याचा अर्थ "समोर मोकळं आहे, तू पुढे जा" असाही होतो. समोरून गाडी येत असेल तर "माझी रुंदी इथपर्यंत आहे, सांभाळ" असाही होतो. एका दिव्याचे तीन अर्थ, त्यातला एक दुसऱ्याच्या अगदी उलट. ट्रकवाल्याने चांगुलपणाने वाट दिली असं समजून तुम्ही उजवीकडे निघता आणि ट्रक खरोखरच ढाब्याकडे उजवीकडे वळतो. या प्रकारात कुणाचीच नियत वाईट नसते, म्हणून मला तो सगळ्यात दुःखद वाटतो.

हाताच्या खुणांत हा घोळ नव्हता. १९८९ च्या नियमांत प्रत्येक गोष्टीला वेगळी खूण होती. उजवीकडे जायचं असेल तर उजवा हात बाहेर आडवा सरळ धरायचा, तळवा पुढे. डावीकडे जायचं तर तोच हात घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरवायचा. वेग कमी करायचा तर तळवा खाली करून हात वर-खाली हलवायचा. आणि मागच्याला पुढे जा सांगायचं तर हात मागून पुढे झुलवायचा. चार खुणांचे चार अर्थ. सायकलवाल्यांनी, बैलगाडीवाल्यांनी आणि दिवा बिघडलेल्या कुणीही आजही या खुणा वापराव्यात. दुसऱ्याला पुढे जा असं दिव्याने सांगू नये, आणि दुसऱ्याच्या दिव्यावर विसंबून पुढे जाऊ नये. समोरचा रस्ता तुमच्या स्वतःच्या डोळ्यांना दिसेपर्यंत मागेच राहावं.

तसाच एक नवा घोळ म्हणजे चौकात सरळ जाताना चारही इंडिकेटर लावणं. ते दिवे रस्त्यात बंद पडलेल्या गाडीसाठी आहेत. चौकात डावीकडच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला तुमच्या गाडीचा एकच कोपरा दिसतो, त्यामुळे एकच दिवा दिसतो. त्याला वाटतं तुम्ही त्याच्या बाजूला वळताय. तो निघतो. सरळ जायचं असेल तेव्हा कुठलाही दिवा न लावणं, हीच सरळ जाण्याची खूण आहे.

डावं वळण सोपं मानलं जातं आणि ते बऱ्याच अंशी तसं आहेही. डाव्या कडेला राहून वळायचं आणि नव्या रस्त्याच्याही डाव्या कडेलाच जायचं. लाल सिग्नलला डावीकडे जाता येतं ते जिथे तसा फलक किंवा हिरवा बाण असेल तिथेच. प्रत्येक चौकातलं डावं वळण फ्री लेफ्ट असतं हा गैरसमज आहे. जिथे ते फ्री आहे तिथेही झेब्रा क्रॉसिंगवरून चालणारा माणूस आधी जातो.

पण डाव्या वळणात एक यंत्रशास्त्र दडलेलं आहे आणि ते माहीत नसल्याने दुचाकीवाले जीव गमावतात. गाडी वळते तेव्हा पुढची चाकं वळतात. मागची नुसती ओढली जातात, आणि ती पुढच्या चाकांच्या आतून जातात. ट्रकची पुढची आणि मागची चाकं एकमेकांपासून ६ मीटर लांब असतील आणि पुढचं चाक १२ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरत असेल, तर मागचं चाक त्याच्या सुमारे १.६ मीटर आतून जातं. स्कूटरची रुंदी त्याच्या निम्मीसुद्धा नसते. ट्रकवाल्याला हे माहीत असतं, म्हणून तो डावीकडे वळायच्या आधी थोडा उजवीकडे जातो. त्याच्या डावीकडे मस्त मोकळी जागा तयार होते. मागचा स्कूटरवाला ती जागा बघतो आणि आत घुसतो. मग ट्रक वळतो आणि ती जागा कात्रीसारखी मिटते. ट्रकचं तोंड उजवीकडे गेलं तरी त्याचा डावा इंडिकेटर लुकलुकत असेल, तर तिथेच थांबा. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, त्यात ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती, असं केंद्र सरकारचा अहवाल सांगतो.

डावीकडे वळताना आणखी एक सवय सोडायला हवी: फक्त उजवीकडे बघणं. गल्लीतून मुख्य रस्त्यावर डावीकडे निघणारा माणूस उजवीकडूनच गाड्या येतील असं धरून चालतो, कारण नियमाने त्या तिकडूनच यायला हव्यात. डावीकडून राँग साइडने येणारी मोटरसायकल त्याच्या हिशेबातच नसते. डिव्हायडरमधला कट एक किलोमीटर लांब आहे म्हणून उलट्या दिशेने आलेल्या त्या पोराचा आणि डावीकडे न बघता निघालेल्या याचा, दोघांचा अपघात एकाच कोपऱ्यात होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रवाहाच्या विरुद्ध चालवणं हे कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवणं ठरतं. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

उजवं वळण हे खरं अवघड. कारण तिथे तुम्हाला समोरून येणाऱ्यांचा प्रवाह कापायचा असतो. १९८९ च्या नियमांत याचं वर्णन भूमितीच्या पुस्तकासारखं होतं. आधी मध्यरेषेजवळ या. दोन्ही रस्त्यांच्या मध्यरेषा जिथे एकमेकींना छेदतात तो बिंदू मनात धरा. त्या बिंदूच्या पलीकडून, तो बिंदू उजव्या हाताला ठेवून वळा, आणि नव्या रस्त्याच्या डाव्या बाजूला पोचा. म्हणजे तुमचं वळण रुंद होतं. आपण काय करतो? तो बिंदू डाव्या हाताला टाकून कोपरा कापतो. चार सेकंद वाचतात आणि नव्या रस्त्याच्या तोंडाशी सिग्नलला उभ्या असलेल्या माणसाच्या अगदी समोर आपण उलट्या बाजूने अवतरतो.

मधोमध थांबून समोरची वाट मोकळी व्हायची वाट बघताना एक गोष्ट जपायची, जी मला एका जुन्या एसटी ड्रायव्हरने सांगितली. स्टिअरिंग सरळ ठेवायचं. निघायच्या घाईने आपण चाकं आधीच उजवीकडे वळवून ठेवतो. मागून कुणी धडकलं तर सरळ चाकांची गाडी पुढे ढकलली जाते. वळलेल्या चाकांची गाडी थेट समोरून येणाऱ्यांच्या तोंडात जाते.

वळताना दिसणं हाही प्रश्न आहे. काचेच्या दोन्ही बाजूंना छताला धरणारे जाड खांब असतात. चौकात दुसऱ्या रस्त्यावरून येणारी मोटरसायकल आणि तुमची गाडी असा वेग धरून असतील की दोघं एकाच क्षणी एकाच जागी पोचणार, तर ती मोटरसायकल तुमच्या काचेत जागची हलत नाही. जिथे दिसते तिथेच दिसत राहते. त्या जागी खांब असेल तर ती शेवटपर्यंत खांबाआडच राहते. शिवाय डोळे झरकन एका टोकाहून दुसऱ्या टोकाला फिरवले तर मधलं जवळजवळ काहीच दिसत नाही. मेंदू ती फट आपणच भरून टाकतो. म्हणून वळायच्या आधी सीटवरून थोडं पुढे-मागे झुका, आणि डोळे टप्प्याटप्प्याने थांबवत बघा.

उसाच्या हंगामात कोल्हापूर-सांगली-सातारा पट्ट्यात रात्री फिरलेल्या माणसाला उजव्या वळणाचं सगळ्यात भयानक रूप माहीत असतं. पुढे ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागचा दिवा उसाच्या पाचटाआड झाकलेला. हा ट्रॅक्टर कारखान्याच्या फाट्याला उजवीकडे वळतो, तेव्हा मागचा त्याला सावकाश समजून उजवीकडूनच पुढे जात असतो. ट्रॅक्टरवाल्याला दोन ट्रॉल्यांच्या मागचं काही दिसत नाही. दोन ट्रॉल्यांना पुढचं वळण पूर्ण करायला दहा-बारा सेकंद लागतात आणि तेवढा वेळ तो अख्खा रस्ता अडवून असतो. फाट्याच्या जवळ ओव्हरटेक करायचा नाही, हा नियम इथे रोज जीव वाचवतो. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर आणि कडेला पट्टी लावण्याचा खर्च दोन चहा-भज्यांएवढा आहे. ते न लावणाऱ्याचा मला खरोखर राग येतो.

दुचाकीवाल्यांसाठी एक आग्रह. डिव्हायडर नसलेल्या हायवेवर उजवीकडे वळायचं असेल तेव्हा रस्त्याच्या मधोमध थांबून वाट बघू नका. शहरातल्या सिग्नलला ते ठीक. हायवेवर पुढून आणि मागून ताशी ८० ने गाड्या येत असतात आणि तुम्ही मध्ये दोन पाय टेकवून उभे. त्यापेक्षा डावीकडे कडेला उतरा, थांबा, दोन्ही बाजू मोकळ्या होऊ द्या आणि मग सरळ आडवा रस्ता पार करा. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये, जिथे आपली अनेक मराठी माणसं राहतात, रस्तेच असे बांधले आहेत. तिथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे त्यांचं अवघड वळण डावीकडचं. बऱ्याच ठिकाणी डावीकडे जायला आधी उजवीकडे उतरायचं, कपाच्या कानासारख्या वळणावरून फिरायचं आणि सिग्नलला मूळ रस्ता आडवा पार करायचा. तिथे ही सोय इंजिनिअरांनी केली. आपल्या हायवेवर ती आपली आपण करून घ्यावी लागते.

सर्कलचं थोडक्यात. आत फिरणाऱ्या गाड्यांचा हक्क पहिला, आणि त्या आपल्या उजवीकडून येतात, तेव्हा उजवीकडे बघून, वाट मिळाल्यावर आत जायचं. बाहेर पडायच्या आधी डावा इंडिकेटर. ज्या चौकात सिग्नल नाही, पोलिस नाही, मोठा-छोटा रस्ता असा फलकही नाही, तिथेही उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. हा साधा नियम लोकांना माहीत असता तर आपल्या वसाहतींतले निम्मे हॉर्न बंद झाले असते.

शेवटची गोष्ट वळण झाल्यानंतरची. कारचा इंडिकेटर स्टिअरिंग सरळ झालं की आपोआप बंद होतो. बहुतेक दुचाक्यांवर तो आपोआप बंद होत नाही. वळून दोन किलोमीटर गेलेल्या स्कूटरचा डावा दिवा लुकलुकत राहतो. पुढच्या गल्लीच्या तोंडाशी थांबलेली बाई तो दिवा बघते, हा आपल्याच गल्लीत वळणार असं समजते आणि बाहेर येते. तिची चूक म्हणायची तरी कशी? तिने नियमाचंच वाचन केलं. या बाबतीत मात्र आपल्या रस्त्यांवर एक सुंदर चाल आहे. अनोळखी माणूस शेजारून जाताना ओरडतो, "ओ दादा, इंडिकेटर!" किंवा "ताई, स्टँड!" आणि नुसता हात वर करून पुढे निघून जातो. परवाच एका पोराने मला सिग्नलवरून हाक मारली, "काका, डावा चालू आहे." मी अंगठ्याने बटण दाबलं, त्याच्याकडे बघून मान हलवली, आणि सिग्नल हिरवा झाला.